इमारतीतून सुटलेलं नाव

झोपलेला माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या भरवशावर असतो. घरी कडी असते, कुलूप असतं, भिंतीपलीकडे शेजारी असतो. परगावी मात्र आपण अनोळखी इमारतीत शिरतो, अनोळखी माणसाच्या हातून किल्ली घेतो, कुणी रांधलंय ते न पाहता जेवतो, कुणी अंथरलंय ते न विचारता गादीवर पाठ टेकतो आणि दिवा मालवून डोळे मिटतो. एवढा विश्वास आपण सख्ख्या नातेवाइकावरही पटकन टाकत नाही. इथे तो टाकतो तो बहुतेक वेळा दारावर लिहिलेल्या एका नावापायी. त्या दोन-तीन अक्षरांसाठी लोक दुप्पट, चौपट, दहापट पैसे मोजतात. मला या गोष्टीचं फार आश्चर्य वाटतं. नाव म्हणजे काही गादी नव्हे, भिंत नव्हे, जेवणही नव्हे. मग ते एवढं वजनदार होतं कसं? आणि एका इमारतीने कमावलेलं ते वजन हजार कोस दूरच्या दुसऱ्या इमारतीला जातं कसं?

सुकापुरात राहणाऱ्यांना हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. नवीन पनवेलहून माथेरानकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एका बाजूला माथेरान-प्रबळगडचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वाढत चाललेल्या इमारती. परका माणूस मुंबईत यायचा तो आधी बोटीने अपोलो बंदरावर, मग आगगाडीने, मग विमानाने सांताक्रूझला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईचा नवा उंबरठा पनवेल तालुक्यात आला. जिथे परकी माणसं उतरतात तिथे त्यांना रात्रीचा आसरा लागतोच. तेव्हा मुंबईच्या जुन्या उंबरठ्यावर काय घडलं होतं, ते आत्ताच नीट पाहून घ्यायला हवं.

अपोलो बंदराजवळचं ताज महाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. आज आपण गेटवे ऑफ इंडियासमोरचं ताज असं म्हणतो, पण वयाचा हिशेब उलटा आहे. गेटवेचा पायाचा दगड नंतर बसला आणि लोकार्पण ४ डिसेंबर १९२४ रोजी झालं. म्हणजे गेटवे ताजसमोर उभा राहिला, आणि तोही २१ वर्षांनी. तोपर्यंत बोटीवरून येणाऱ्याला मुंबईची खूण म्हणून आधी दिसायचा तो ताजचा घुमट.

जमशेटजी नसरवानजी टाटांनी हे हॉटेल बांधायला घेतलं तेव्हा मुंबई प्लेगने पोखरलेली होती. १८९६ साली मांडवीत साथ सुरू झाली, माणसं शहर सोडून पळाली, व्यापार बसला. अशा वेळी हा गृहस्थ समुद्राकाठची जागा घेतो आणि जगातल्या उत्तम हॉटेलांच्या पंक्तीला बसेल असं हॉटेल काढायचं ठरवतो. घरातही हे सगळ्यांना रुचलं नव्हतं. एकीकडे पोलादाचा कारखाना, एकीकडे विज्ञानसंस्था काढायला निघालेल्या भावाला हा भटारखाना कशाला हवा, असं त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण टाटांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. एका गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून इरेला पेटून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. मला ती पटत नाही. सूडापोटी माणूस एक मोठी इमारत बांधील, पण तिच्यातल्या पंख्यांची, लिफ्टची आणि स्नानगृहांची एवढी बारकाईने चौकशी करत जगभर हिंडणार नाही. पंखे अमेरिकेचे, लिफ्ट जर्मनीच्या, हमामखाने तुर्की धर्तीचे आणि खानसामे इंग्रज. विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या मुंबईतल्या अगदी पहिल्या इमारतींपैकी ही एक. आपलं शहर कुणाच्याही पंगतीत ताठ मानेने बसावं, ही ओढ त्यामागे मला दिसते.

इमारतीचा आराखडा एका मराठी माणसाचा होता, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा यांनी तो केला. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि पुढचं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पाहिलं. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचं. आतला मधला जिना पाहण्यासारखा आहे. चौकोनी विहिरीत वर चढत गेलेला, घुमटाखाली प्रत्येक मजल्यावर चारी बाजूंनी फिरणारा. जिन्याच्या आतल्या कडेला आधाराचा एकही खांब नाही. पायऱ्या भिंतीत रोवून मोकळ्या हवेत पुढे काढलेल्या. खाली उभं राहून मान वर केली की कठड्यांच्या चौकटी एकीत एक लहान होत जाताना दिसतात. सव्वाशे वर्षं लोक त्यावरून वर-खाली करताहेत.

आणि हो, हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट खोटी आहे. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता आणि तो तसाच योजलेला होता. घोडागाड्या तिथूनच येत. आज त्या जागी पोहण्याचा तलाव आहे. आपल्या मातीतल्या एका हुशार अभियंत्याच्या नावावर ही चूक आणि हे मरण उगाच चिकटवलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी पाहुणे होते अवघे १७. पंखा आणि जोडून स्नानगृह असलेल्या खोलीचा दर १३ रुपये, जेवणाखाणासकट २० रुपये. जमशेटजींना हॉटेल भरलेलं फार काळ पाहता आलं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे ते वारले. नाव अजून कोवळं होतं आणि ते लावणारा माणूस गेला होता.

इथे शेजारचं एक हॉटेल आठवतं. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स. १८६० च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे भाग आणून उभं केलेलं, त्या काळचं मुंबईतलं सगळ्यात नावाजलेलं हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. मार्क ट्वेनचा मुक्कामही इथेच होता. ताजपासून एक किलोमीटरही लांब नाही. ही इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने अजून उभी आहे, पण जर्जर. २००५ साली तिच्या सज्जांचा भाग कोसळला. लोखंड टिकलं आणि नाव विझलं. ताजच्या बाबतीत नाव इमारतीबाहेर पडलं आणि वाढत गेलं. एकाच शहरातल्या, एकाच धंद्यातल्या दोन नावांची नशिबं एवढी वेगळी का व्हावीत?

ताजच्या नावाने मुंबईच्या आयुष्यात मुळं धरली, हा उत्तराचा पहिला भाग. पहिल्या महायुद्धात हॉटेलचं ६०० खाटांचं रुग्णालय झालं. जीनांच्या पत्नी रतनबाई शेवटच्या दिवसांत इथे राहिल्या. १९३३ साली उघडलेल्या हार्बर बारकडे शहराचा पहिला मद्यपरवाना, म्हणजे ००१ क्रमांकाचा. ज्यांनी आयुष्यात आत पाऊल टाकलं नाही अशा लाखो लोकांनीही समोरच्या कठड्याला टेकून कबुतरांबरोबर फोटो काढले. या न आलेल्या लोकांचं मला विशेष वाटतं. ऐषारामी हॉटेलची प्रतिष्ठा फक्त आत राहणाऱ्यांवर उभी नसते. ती बाहेर उभं राहून पाहणाऱ्यांनीही सांभाळलेली असते.

पण हे सगळं झालं तरी तब्बल सात दशकं ताज म्हणजे मुंबईतलं एक हॉटेल होतं. एकच. कंपनीचं नाव इंडियन हॉटेल्स, स्थापना १९०२ ची, नावात अनेकवचन, आणि ताज नावाची इमारत मात्र एक. नाव तिथून सुटं झालं ते अजित केरकरांच्या काळात.

केरकर साठच्या दशकात कंपनीत आले ते खानपान सांभाळायला. लंडनमध्ये हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम शिकलेला हा मराठी माणूस कंपनीच्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत गेला आणि १९९७ पर्यंत तिथे होता. त्यांच्या कारकिर्दीचं शेवटचं पान कडवट वादाचं आहे. पण आज देशभर दिसणाऱ्या ताजचा सांगाडा त्यांच्याच काळातला, हे कुणी नाकारू शकत नाही. त्यांनी काय पाहिलं ते पाहण्यासारखं आहे. संस्थानं कधीच विलीन झाली होती आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजस्थानात भलेमोठे महाल होते, छपरं गळत होती आणि निगा राखायला पैसा नव्हता. उदयपूरच्या तलावातला लेक पॅलेस ताजने १९७१ साली चालवायला घेतला, पाठोपाठ १९७२ साली जयपूरचा रामबाग पॅलेस. ज्यांच्या दारातून आत जायची सामान्य माणसाची शामत नव्हती, त्या महालात आता ताजच्या व्यवस्थेखाली एका रात्रीचं भाडं भरून झोपता येऊ लागलं. महाल वाचले, कारागिरांना काम मिळालं, आणि ताज या नावाला दुसरा अर्थ चिकटला: बंदरावरच्या ऐटीबरोबर राजवाड्याचा इतिहास.

मुंबईत शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी १९७३ साली उंच टॉवर उभा राहिला. त्याच वर्षी गोल्डन ड्रॅगन उघडलं आणि सेझवान जेवण भारतीय जिभेवर आलं. आज पनवेल स्टेशनबाहेरच्या प्रत्येक चायनीजच्या गाडीवर मिळणाऱ्या लालभडक शेजवानचा पूर्वज तिथे भेटतो! १९७४ साली गोव्यात आग्वादच्या किल्ल्याच्या तटालगत हॉटेल झालं. १६१२ सालचा पोर्तुगीज किल्ला, खाली सिकेरीचा किनारा. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती आणि श्रीमंत पर्यटकाच्या नकाशावर त्याचं नाव ठळक नव्हतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीची परिषद आटोपून विश्रांतीला गोव्यात उतरले ते याच परिसरात. गोव्याच्या पर्यटनाचं भलं-बुरं काय झालं यावर गोमंतकीय भांडतील, आणि भांडायलाच हवं. पण एका हॉटेलच्या नावाने एका किनाऱ्याची जगभरची ओळख बदलायला हातभार लावला, हे तिथे डोळ्यांसमोर घडलं.

आता यामागचं गणित. हॉटेलची खोली हा विलक्षण नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ती रात्र कायमची गेली. वीज, पगार, कर्जाचं व्याज, लिफ्टची देखभाल हा खर्च खोल्या भरोत न भरोत चालूच राहतो. म्हणून ओळखीच्या नावाची किंमत दुहेरी. एक तर त्या नावाखाली दर जास्त लावता येतो, आणि मंदीतही खोल्या भरायची शक्यता जास्त असते. जमीन आणि इमारत असलेल्या मालकाला हे कळतं. मग तो नाववाल्या कंपनीकडे जातो: इमारत माझी, जोखीम माझी, चालवा तुम्ही. कंपनी आपले व्यवस्थापक आणते, आपल्या पद्धती लावते, आणि साधारणपणे उत्पन्नाचे दोन-तीन टक्के शुल्क, वर नफ्यातला ठरलेला वाटा घेते. आज जगातल्या बहुतेक नामवंत हॉटेल कंपन्या अशाच वाढतात. दारावर त्यांचं नाव असतं, सातबारा दुसऱ्याचा असतो.

इंडियन हॉटेल्सही गेल्या काही वर्षांत या वाटेने वेगाने निघाली आहे. महागड्यासाठी ताज, त्याखाली विवांता, आणि स्वस्त-आटोपशीर मुक्कामासाठी जिंजर. जिंजरचं पहिलं हॉटेल २००४ साली बंगळुरूत निघालं तेव्हा त्याचं नाव इंडिवन होतं. प्रत्येक पातळीला वेगळं नाव देण्यात मोठं शहाणपण आहे, कारण एकदा का ताजच्या पाटीखाली पाहुण्याला साधी खोली मिळाली की सगळ्याच ताजांवरचा भरवसा पातळ होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की २०३० पर्यंत हॉटेलांची संख्या ७०० करायची. तेव्हा ती, करार झालेली पण अजून न उघडलेली धरून, साडेतीनशेच्या वर होती. पहिल्या सत्तर वर्षांत ताज एक, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सगळ्या नावांची मिळून हॉटेलं साडेतीनशे! अर्थात प्रत्येक पाऊल बरोबर पडलं असं नाही. बोस्टन आणि सिडनीतली हॉटेलं घेतली आणि काही वर्षांनी विकली. तरी ब्रँड फायनान्स या ब्रिटिश संस्थेने २०२१ साली ताजला जगातला सगळ्यात भक्कम हॉटेल ब्रँड ठरवलं, शंभरापैकी ८९.३ गुण देऊन.

गुण, टक्के, करार हे सगळं खरं. पण माझं कुतूहल इथे शमत नाही. मालक शेकडो कोस दूर, पद्धती लिहिलेल्या वहीत, आणि पाहुण्यासमोर उभी असते वीस-बावीस वर्षांची एक मुलगी, जिचा पगार त्या खोलीच्या काही रात्रींच्या भाड्याइतका. नावाचा सगळा भार त्या क्षणी तिच्या खांद्यावर असतो. तिने मान वळवली, कपाळाला आठी घातली, तर संगमरवर काही कामाचा नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी या गोष्टीचा अभ्यास केला आणि तो डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मांडलेलं एक निरीक्षण मी विसरू शकत नाही: चोवीस तास राहणाऱ्या पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी सरासरी चाळीस-पंचेचाळीस वेळा संबंध येतो. दार उघडणारा, सामान उचलणारा, चहा आणणारी, टॉवेल बदलणारी, फोन उचलणारी. यातल्या बहुतेक वेळी वरिष्ठ जवळपाससुद्धा नसतो.

मग निवड कशी करायची? त्यांच्या अभ्यासानुसार ताज पुढच्या फळीतली मुलं महानगरांऐवजी लहान शहरांतून शोधत असे. मुंबईऐवजी पुणे, चेन्नईऐवजी तिरुचिरापल्ली-कोइमतूर, बंगळुरूऐवजी म्हैसूर. बोलण्यातल्या सफाईपेक्षा पाहायचे तीन गुण: वडीलधाऱ्यांबद्दल आदर, अडचणीतही हसतमुख स्वभाव, आणि घराला त्या पगाराची असलेली खरी गरज. इतर हॉटेलांत साधारण बारा महिन्यांचं प्रशिक्षण, इथे अठरा. आणि शिकवण अशी की तुम्ही पाहुण्यापुढे कंपनीची बाजू मांडायला नाही, कंपनीपुढे पाहुण्याची बाजू मांडायला आहात. मला हे वाचून थक्क व्हायला झालं. भारतातल्या सगळ्यात ऐषारामी खोल्यांची प्रतिष्ठा मध्यमवर्गीय आणि गरीब घरांतल्या संस्कारांवर उभी होती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजवर दहशतवादी हल्ला झाला आणि हे सगळं कसाला लागलं. त्या रात्रीबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून दोनच गोष्टी. एका दालनात हिंदुस्थान युनिलिव्हरची मेजवानी चालली होती आणि ती सांभाळत होती २४ वर्षांची एक व्यवस्थापक. गोळ्यांचा आवाज ओळखून तिने दारं लावून घेतली, दिवे मालवले, पाहुण्यांना टेबलांखाली बसवलं, नवरा-बायकोंना वेगवेगळ्या जागी बसायला सांगितलं, म्हणजे एका घरातलं एक तरी माणूस वाचण्याची शक्यता वाढेल. आणि रात्रभर पाणी फिरवत, धीर देत राहिली. दुसरी गोष्ट टेलिफोन ऑपरेटरांची. त्यांना बाहेर काढलं गेलं होतं. त्या परत आत आल्या आणि खोल्याखोल्यांतून अडकलेल्यांना फोन करून दार उघडू नका, दिवा लावू नका असं सांगत राहिल्या. मागच्या दारांचे, जिन्यांचे, बोळांचे नकाशे ज्यांना पाठ होते त्या कर्मचाऱ्यांना स्वतःपुरतं निसटणं सगळ्यात सोपं होतं. तिथे मेलेल्यांत त्यांची संख्या मोठी आहे. हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं. असं कर म्हणून कुणीही सांगितलेलं नव्हतं.

टॉवर २१ डिसेंबर २००८ रोजी, म्हणजे महिनाभरात उघडला. जुन्या भागाला पावणेदोन वर्षं लागली; तो १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडला. २०१७ साली या इमारतीच्या प्रतिमेला ट्रेडमार्क मिळाला, भारतात असा मान मिळालेली ही पहिली इमारत. घुमटासकटची ती आकृती आता कायद्यानेच नावाचा भाग आहे.

महाराष्ट्रात हॉटेलच्या कामाच्या शिक्षणाची दारं कुठे आहेत, हे सुकापूर-पनवेलच्या आईबापांना माहीत असायला हवं. मुंबईत दादरची सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासून आहे. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, रफीक झकेरिया यांच्या मौलाना आझाद शिक्षणसंस्थेने ताजच्या सहकार्याने १९८९ साली अशीच एक संस्था काढली. बारावीनंतरचा हा अभ्यास म्हणजे निव्वळ भांडी घासणं आणि ट्रे उचलणं, हा समज अजून आपल्या घरांत आहे. ट्रे उचलावा लागतोच, पहाटेची पाळी करावी लागते, सणाच्या दिवशी घरी नसणं सोसावं लागतं. केरकरही मुदपाकखान्यातूनच वर गेले. आता विमानतळाभोवती, अटल सेतूच्या या टोकाकडे, पनवेल-उलव्याच्या पट्ट्यात पुढची दहा-पंधरा वर्षं हॉटेलं उभी राहतील. इमारतींना पैसा मिळेल आणि नावं भाड्यानेही मिळतील. पाहुण्याला दिवसातून चाळीस-पंचेचाळीस वेळा सामोरी जाणारी माणसं मात्र इथल्याच नेरे, विचुंबे, आकुर्ली, सुकापूरच्या घरांतून यायची आहेत, आणि दहावी-बारावीला बसलेल्या त्या मुलामुलींशी त्याबद्दल कुणीतरी यंदाच बोलायला हवं.